दोन क्रेडिटची पात

सरांचा डबा तीन ताळी होता. खालच्या ताळात पोळी-भाजी, तिला सर मेजर म्हणत. मधल्यात वरण-भात, तो मायनर. वरचं ताळ ते घरूनच रिकामं आणत, कारण ते ओपन इलेक्टिव्ह होतं आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेतलं घ्यायचं नाही असा विद्यापीठाचा नियम आहे. सर कॉमर्सचे. त्यामुळे कॉमर्सच्या कुणी लोणचं पुढं केलं की ते हात आडवा धरत. तेच लोणचं सायन्सच्या मॅडमनी दिलं तर दोन फोडी घेत आणि आभार मानत.

कॉमर्सच्या एका मॅडमनी शेवटी युक्ती काढली. त्या आपली शेंगदाण्याची चटणी आधी सायन्सच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या आणि तिथून सरांकडं पाठवायच्या. न्यायचं काम माझं. एकदा सरांनी चटणी बोटावर घेऊन चाखली आणि मला विचारलं, "मावशी, ही मूळची सायन्सचीच ना?" मी मान खाली घालून उभी राहिले. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायला तर त्याहून जड जातं. सरांनी चटणी झाकली आणि परत पाठवली.

त्या कॉलेजात मी झाडलोट करायचे, पाणी भरायचे, चहा द्यायचे. कॉलेज आमच्या कामशेतच्या बाजूचं, एवढंच लिहिते. सरांचंही नाव लिहीत नाही. लेकीच्या जर्नलमध्ये मागची कोरी पानं उरली आहेत, त्यांच्यावर हे चाललं आहे. माझी शाळा चौथीनंतर सुटली, पण अक्षर बरं आहे, आणि कुणाला दाखवायचं नसलं की मला पुष्कळ सुचतं.

सर लोणावळ्याला राहायचे आणि पुण्याच्या लोकलनं कामशेतला उतरायचे. त्यांच्या काखेत कायम एक गाठोडं. आत विद्यापीठाची परिपत्रकं, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिक, आणि सगळ्यात वर चिक्कीच्या दुकानाची पिशवी. पावसाळ्यात सर नखशिखांत भिजून यायचे, कारण छत्री गाठोड्यावर धरलेली असायची. आल्या आल्या गाठोडं खुर्चीवर, आणि सर स्वतः उभे राहून पंख्याखाली वाळायचे.

क्रेडिटचे नवे नियम आले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. सरांच्या तोंडावर मात्र घरात कार्य निघाल्यासारखा आनंद होता. प्राचार्यांनी ते सगळं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. मग सर भेटेल त्याला समजावू लागले. आता वर्षं मोजायची नाहीत, क्रेडिट मोजायचे. ते संगणकातल्या बँकेत प्रत्येकाच्या नावानं साठतात. पुरेसे साठले की पदवी. एक वर्ष करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन करून पडलं तर पदविका. मला हे पाठ झालं, कारण मी फरशी पुसायला लागले की सर दोन्ही पाय वर घेऊन तेच सांगत बसायचे.

ऑफिसातल्या क्लार्कचं लग्न झालं तेव्हा सर अक्षता टाकून स्टेजवर गेले आणि नवरीला म्हणाले, की काळजी करू नका, एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तरी हात रिकामे राहत नाहीत. नवरीच्या मामाला दोघांनी धरून खाली नेलं.

एकदा मात्र मी सरांशी बोलले. म्हणजे तोंडातून निघून गेलं. सर सांगत होते, की बसून ऐकलं तर पंधरा तासांना एक क्रेडिट मिळतो, आणि हातानं काम केलं तर तीस तासांना एक. माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी म्हणाले, "सर, म्हंजी ऐकणाऱ्यापरीस करणाऱ्याला दुप्पट लागत्यात?"

"हो."

"का बरं?"

सरांनी पाय खाली घेतले, ओल्या फरशीवरच. मग गाठोडं सोडून बसले ते सुटीची घंटा होईपर्यंत. पुढचे तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी आले आणि म्हणाले, "मावशी, नियम तसाच आहे. कारण कुठंच दिलेलं नाही. तुमचा आक्षेप मी विद्यापीठाला लेखी कळवला आहे." पुढचे आठ दिवस कॉलेजच्या आवारात चारचाकी आली की मी जिन्याखाली जायचे. उत्तर काही आलं नाही.

सरांचं आणखी एक होतं. फॉर्मच्या रकान्यात ते खोटं लिहीत नसत. कॉलेजच्या तपासणीच्या फॉर्मात 'संस्थेची बलस्थाने' असा रकाना होता. सरांनी लिहिलं, 'भिंती'. 'उणिवा' या रकान्याला त्यांनी अकरा पानांची पुरवणी जोडली. प्राचार्य ती वाचताना दोनदा पाणी प्यायले, दोन्ही वेळा मीच दिलं.

तर अशा माणसाच्या हाती फील्ड प्रोजेक्ट आला. म्हणजे मुलांनी वर्गाबाहेर जाऊन साठ तास प्रत्यक्ष काम करायचं, त्याचे दोन क्रेडिट. दुसऱ्या एका वर्गाची मुलं इंदुरीच्या किल्ल्यावर गेली, तिथं तीनदा शर्ट बदलून फोटो काढले आणि तीन दिवसांचं काम एका दुपारी उरकून आली. सरांनी ते फोटो बघितले आणि म्हणाले, "किल्ल्यानं यांना बटणं लावायला शिकवलं."

त्याच आठवड्यात मी रजा मागायला गेले होते. आमच्याकडं भातलावणीला आवणी म्हणतात. त्या वर्षी आवणीला बायकाच मिळेनात, सगळ्या कंपन्यांत कामाला लागलेल्या. सरांनी विचारलं, आवणीला किती तास लागतात. मी म्हणाले, खाचरं भरंस्तोवर. सरांनी वहीत काहीतरी मांडलं आणि बघितलं तर रोप उपटण्यापासून खुरपणीपर्यंत दिवस नीट साठ तासांत बसत होते. त्यांची कळी खुलली, आणि फील्ड प्रोजेक्ट आमच्या खाचरात, मार्गदर्शक मी, असं ठरून गेलं.

सरांच्या वर्गात बावीस मुलं होती, आणि त्यात माझी लेक. तिचं शेवटचं वर्ष. सुदुंबऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी बोलणं चाललं होतं. पदवीचा कागद हातात आला तरच नोकरी. आमच्या घरात कागदानं मिळालेली नोकरी अजून कुणी केलेली नाही. तिचे बाकीचे क्रेडिट झाले होते, हे दोन अडले तर सगळंच सहा महिने मागं जाणार आणि सुदुंबरं काही थांबणार नव्हतं.

लेक मला म्हणाली, "आई, तू शिकवणार? तू तर बस कंडक्टरला गावाचं नाव सांगताना पण माझ्या मागं उभी ऱ्हातीस."

ते खरंच होतं. पहिल्या दिवशी बावीस मुलं बांधावर उभी राहिली आणि सगळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी पदर खोचला, खाचरात उतरले आणि लावायला लागले. थोड्या वेळानं मुलं माझ्या हाताकडं बघत बघत उतरली. सरांनी बांधावरून रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अध्यापन पद्धती: मौन'.

आवणीत एकेकीच्या वाट्याला खाचराची एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. आपली पात धरायची आणि मागं मागं सरकत लावत जायचं. कुणी मधेच पात सोडून गेलं, कुणाचं लेकरू रडलं, कुणाच्या पोटात दुखलं, तर शेजारणीनं ती भरायची. रिकामी पात ठेवत नाहीत. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मीही कुणाला शिकवलं नाही. तसंच असतं.

पाऊस एकसारखा होता. मुलांनी डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतले होते आणि सगळी वाकलेली, म्हणून कुणाचं तोंड दिसत नव्हतं. सर छत्री गाठोड्यावर धरून बांधावर बसायचे आणि दर तासाला पाठी मोजायचे. रजिस्टरमध्ये रोज बावीस पाठी.

दीड महिन्यानं पुण्याहून तपासणीला एक मॅडम आल्या. प्राचार्यांच्या खोलीत त्यांच्यासमोर सरांचं रजिस्टर उघडलेलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी पोचले तेव्हा त्या म्हणत होत्या, "मार्गदर्शकाचं शिक्षण चौथी लिहिलंय. हे चुकून झालंय का?"

"नाही," सर म्हणाले. "मी दाखला पाहिला आहे. चौथी उत्तीर्ण. वर्गात दुसऱ्या."

मॅडम शांतपणे बोलत होत्या, रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त भीती वाटली. पदवी नसलेल्या माणसानं घेतलेले तास धरता येत नाहीत, बावीसच्या बावीस मुलांचे दोन क्रेडिट रद्द करावे लागतील, असं त्या म्हणाल्या. मी ट्रे घेऊन दारातच थांबले.

प्राचार्य म्हणाले, की त्यात काय, माझ्या ओळखीत एक कृषी पदवीधर आहे, त्याचं नाव टाकू, सही संध्याकाळपर्यंत आणतो.

सर म्हणाले, "त्यांचे पाय चिखलात गेले नाहीत."

"मग काय झालं?"

"मग त्यांचं नाव रकान्यात कसं जाईल?"

आणि सरांनी गाठोडं सोडायला घेतलं. चिक्कीची पिशवी, प्लास्टिक, वर्तमानपत्र. प्रत्येक घडी नीट करून बाजूला ठेवत होते. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी एक कागद निघाला. एखाद्या कामाचा पंधरा वर्षांहून जास्त अनुभव असला, तर पदवी नसलेल्या माणसालाही मुलांना शिकवता येतं, असं त्यावर छापलेलं होतं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं, मग वळून मला विचारलं, "मावशी, आवणी किती वर्षं करता?"

मी ट्रेकडं बघून सांगितलं, "परकर नेसत हुते तवापासनं."

"हे सांगणं झालं," मॅडम म्हणाल्या. "पुरावा काय?"

"पुरावा उभा आहे," सर म्हणाले. "गुडघाभर आला आहे."

मॅडमच्याच गाडीतून आम्ही शेतावर गेलो. रजिस्टर धरायला सरांनी नेमकं माझ्या लेकीला बरोबर घेतलं होतं. वाटेत सर माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "बोलायचं नाही. नुसतं दाखवा." ते ऐकून मला जरा श्वास आला.

खाचराच्या बांधावर मी उभी राहिले. बोट दाखवायचं ठरवलं होतं, पण बोटानं काय कळणार. पहिल्या पातीतली रोपं एका अंगाला कललेली होती. मी म्हणाले, ह्यो पोरगा डावरा हाय. सरांनी लेकीच्या हातातलं रजिस्टर बघितलं आणि मान हलवली, पात एकवर तळेगावचा मुलगा, डावराच. दुसरीत रोपांचे चूड, म्हणजे एकेका जागी खोचलेल्या जुड्या, जाड जाड होते. ही लय घाईची, लवकर संपवायला मूठ मूठ खोचलीय. सरांनी मान हलवली. तिसऱ्या पातीत दर दहा पावलांवर एक चूड गायब होता. हितं फोन वाजत हुता, मी म्हणाले. मॅडम हसल्या. मग त्यांना चवच लागली. त्या चप्पल हातात घेऊन बांधावरून माझ्या मागं मागं चालू लागल्या, एकेक पात दाखवून विचारू लागल्या आणि मी सांगत गेले. माझं मलाच ऐकू येत होतं की मी बोलते आहे. सर रजिस्टरवर खुणा करत होते आणि प्रत्येक खूण जुळत होती.

सतराव्या पातीपाशी मॅडम थांबल्या. "वा, ही बघा. किती सरळ. ही सगळ्यात सुंदर आहे. ही कुणाची?"

लेक पायाच्या अंगठ्यानं बांधाची माती उकरायला लागली.

पात सतरा तिची होती. आवणीच्या मधले दोन दिवस तिला सुदुंबऱ्याला मुलाखतीला बोलावलं होतं. ती गेली, आणि सरांना सांगायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. फसवायचं मनात नव्हतं. एरवी मी मुलांना रोपं पुरवत फिरायचे; ती पात अर्धी रिकामी दिसली आणि हात तिकडं गेला, एवढंच. डोक्यावर कागद, पाठ वाकलेली. सरांच्या बावीस पाठी भरल्या.

'लेकीची' म्हटलं असतं तर काम झालं होतं. मॅडम खूश होत्या. गाडी उभी होती. पण समोर सर उभे होते, आणि बलस्थानांच्या रकान्यात 'भिंती' लिहिणाऱ्या माणसापुढं ते तोंडातून निघेना.

"निम्मी तिची," मी म्हणाले. "त्या दगडापासनं फुडं माजी."

  लेकीचे डोळे भरले. सरांनी रजिस्टर घेतलं, त्या दोन दिवसांचं पान काढलं आणि बघत राहिले.

"मी पाठी मोजल्या," ते म्हणाले. "पाठीवर नाव नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मॅडम म्हणाल्या, की जाऊ द्या सर, बाराच तासांचा प्रश्न आहे, आणि ज्या बाईला रोपावरून माणूस ओळखता येतो तिचा अनुभव मी मान्य करते. पण सर ऐकेनात. त्यांनी तिथंच बांधावर बसून, लाल पेनानं, मोठ्यानं म्हणत लिहिलं, "विद्यार्थिनीचे बारा तास कमी. शिक्षकाच्या देखरेखीचे बारा तास कमी. दोघंही आठ दिवसांत भरून काढतील."

"दोघंही म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"चूक दोघांची आहे," सर म्हणाले.

दुसरी खुरपणी व्हायची होतीच. रविवारी सर सकाळच्या लोकलनं आले. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यापर्यंत वळवलेली पँट, आणि पायात मोजे, कारण प्रात्यक्षिकाला सुरक्षा साधनं वापरावीत असं परिपत्रकात आहे. लेक एका पातीत उतरली, सर शेजारच्या पातीत.

भातात एक गवत येतं ते अगदी भातासारखंच दिसतं. बांधावर लेकीचे वडील, आमचे मालक, तंबाखू मळत बसले होते. तासाभरानं ते मला हळूच म्हणाले, "अगं, तुजं सर गवत राखत्यात आन भात उपटत्यात. सांग की."

मी गेले, पण सरांपाशी उभी राहिल्यावर बोलणं काही सुचेना. सरांनी वर बघितलं, घाम पुसला, आणि आनंदानं म्हणाले, "मौन पद्धत ना? तुम्ही करा, मी बघून शिकतो." मी एक गवताचा ठोंब उपटून दाखवला. त्यांनी तो नीट निरखला आणि शेजारचा भात उपटला.

दोन रविवार हे चाललं. लेकीचे बारा तास पूर्ण झाले. तिची कंबर धरली, पण पात स्वच्छ. सरांच्या पातीत गवत तेवढं उरलं होतं, आणि तेही एका रांगेत. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं.

सरांनी पाय धुतले, मोजे पिळले, रजिस्टर उघडलं आणि मला म्हणाले, "मावशी, मार्गदर्शक तुम्ही. माझा निकाल सांगा."

मी त्या पातीकडं बघितलं. मालकांनी दुसरीकडं तोंड फिरवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. सर तर पेन उघडून थांबलेले. मी म्हणाले, "सर, तुमी आपलं पंधरा तासवालं करा. ऐकायचं."

सरांनी ते जसंच्या तसं लिहिलं, 'प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण. श्रवणाची शिफारस', आणि खाली माझी सही घेतली. कॉलेजच्या कागदावर मी पगाराशिवाय केलेली ती पहिलीच सही.

लेकीचे दोन क्रेडिट संगणकातल्या बँकेत गेले. पुढच्या उन्हाळ्यात तिला कागद मिळाला. आता ती सकाळी सातला सुदुंबऱ्याची गाडी धरते. कुणी तिच्या डिग्रीचं कौतुक केलं की म्हणते, बाकीचं डोक्यात हाय, पण ते दोन क्रेडिट अजून कंबरेत हायेत.

सरांची नोकरीही त्याच उन्हाळ्यात संपली. नागपूरला मुलाकडं राहायला जायचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. पण अनुत्तीर्ण झालेल्याला पुन्हा बसता येतं असा नियम आहे. जुलैत एका रविवारी सकाळी सर आमच्या बांधावर उभे. छत्री गाठोड्यावर, मोजे पायात.

मी त्यांना कडेची पात दिली. दिवसभर सर लावत होते. एक चूड लावायचा, लांबून बघायचा, पुन्हा काढून लावायचा, तरी ओळ वाकडीच. जेवायला बसले तेव्हा लेकीनं चटणी पुढं केली. तिनं कॉमर्स केलं आहे हे त्यांना आठवलं आणि हात आडवा गेला. मग म्हणाले, की आता मी निवृत्त आहे, मला शाखा नाही, आणि भाकरीवर भरपूर चटणी घेतली.

चार वाजून गेले तेव्हा त्यांची दोन हात पात उरली होती. लोकलची वेळ झालेली. सर कमरेवर हात ठेवून कसेबसे सरळ झाले आणि पाय धुवायला ओढ्याकडं गेले. जाताना त्यांनी उरलेल्या पातीकडं एकदा बघितलं, आणि मग चालू लागले.

ते परत आले तेव्हा मी बांधावर उभी होते, हात पदराला पुसत. सरांनी त्या टोकापासून या टोकापर्यंत पात बघितली. पुन्हा बघितली.

"मावशी," ते म्हणाले, "ही सगळी माझीच ना?"

मी मान वर करून सरांकडं बघितलं.

"व्हय सर, तुमचीच."

सरांनी रजिस्टर पुढं केलं. मी पहिल्यांदाच न थरथरता सही केली. शेवटची दोन हात मी मुद्दाम वाकडी लावली होती.